शहाण्णव धावांचं ऐश्वर्य

भारतात नव्याने आलेल्या, क्रिकेट न पाहिलेल्या माणसाला या खेळाचं इथलं स्थान समजावून सांगायचं झालं, की आपण सहसा विजयांकडे बोट दाखवतो. 1983 मधलं लॉर्ड्स, 2011 मधलं वानखेडे. मी त्याच्यासमोर एका पराभवाचा धावफलक ठेवीन. मार्च 1987, बंगळूरचं चिन्नास्वामी स्टेडियम, पाकिस्तानविरुद्धचा पाचवा कसोटी सामना. भारत 16 धावांनी हरला, मालिकाही हातची गेली. त्या धावफलकात सलामीवीर सुनील गावसकरच्या नावापुढे 96 हा आकडा आहे. शतक चार धावांनी हुकलेलं, सामना गमावलेला, आणि तरीही जाणकार मंडळी भारतीय फलंदाजीतल्या सर्वोत्तम खेळी मोजायला बसली की या खेळीपाशी हमखास थांबतात. निकाल विरुद्ध गेल्यावरही एखादा देश एखादी खेळी जिवापाड जपतो, तेव्हा तो त्या खेळात नेमकं काय शोधत असतो, हे तिच्यात शिरून पाहिल्यावरच कळतं.

आधी मांडणी पाहू. कसोटीत प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात आणि शेवटचा, म्हणजे सामन्यातला चौथा डाव बहुधा सर्वांत अवघड असतो, कारण तोवर खेळपट्टी झिजलेली, उखडलेली असते. मालिकेतले पहिले चार सामने अनिर्णित सुटले होते. त्यांतल्या अहमदाबादच्या सामन्यात गावसकरने कसोटीत दहा हजार धावा पूर्ण केल्या होत्या. तोवर जगात कुणीच तिथे पोचलं नव्हतं. त्या हिवाळ्यात सीमेवर दोन्ही देशांची सैन्यं समोरासमोर होती आणि पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया जयपूरचा सामना पाहायला येऊन गेले होते. सगळा हिशेब आता बंगळूरवर येऊन ठेपला होता. पाकिस्तान पहिल्या डावात 116 धावांत कोसळलं. मणिंदर सिंगने 27 धावांत 7 बळी घेतले. भारताने 145 केल्या. पाकिस्तानने दुसऱ्या डावात चिवटपणे 249 जमवल्या. भारतापुढे लक्ष्य आलं 221 धावांचं. नेहमीच्या खेळपट्टीवर बेताचा वाटणारा हा आकडा इथे डोंगराएवढा होता, आणि तो नाट्यमय व्हायला बाहेरून काही घालावंच लागलं नव्हतं.

या नाट्यातलं मुख्य पात्र खेळपट्टी. पहिल्या दिवसापासून तिच्यावर चेंडू हातभर वळत होता. एकाच टप्प्यावरचा एक चेंडू छातीपर्यंत उसळायचा, पुढचा घोट्याजवळून सरपटत जायचा. धावफलकात याचा एक बारीकसा पुरावा आहे आणि तो सहज नजरेतून निसटतो. भारताच्या या डावात गावसकरनंतर सर्वाधिक धावा मोहम्मद अझरुद्दीनच्या, 26. अवांतर धावा त्याहूनही जास्त आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक बाय. बाय म्हणजे बॅट, पॅड आणि पुढे यष्टिरक्षकाचे हात, या सगळ्यांना चुकवून गेलेला चेंडू. ज्याचं कामच चेंडू अडवायचं, ज्याच्या हातांत त्यासाठीच दोन मोठे ग्लोव्हज, त्याला जो चेंडू धड पकडता येत नव्हता, तो गावसकर एका अरुंद लाकडी फळीने सव्वापाच तासांहून अधिक काळ खेळत राहिला. अवांतरच्या त्या रकान्याइतकी बोलकी दाद या खेळीला दुसरी कुणी दिलेली नाही.

गोलंदाजांची जोडीही मुद्दाम लक्ष देऊन पाहावी अशी. एका टोकाकडून डावखुरा फिरकी गोलंदाज इक्बाल कासिम, दुसऱ्या टोकाकडून ऑफस्पिनर तौसिफ अहमद. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजासाठी कासिमचा चेंडू टप्पा पडून बाहेर जाणारा, बॅटची कड घेऊन स्लिपच्या हातात विसावणारा. तौसिफचा चेंडू आत येणारा, बॅटची आतली कड घेऊन किंवा ग्लोव्हला लागून शॉर्ट लेगकडे उडणारा. म्हणजे षटक बदललं की धोक्याची दिशाच उलटी व्हायची. एकाच्या विरुद्ध जी सवय तारते तीच दुसऱ्याच्या विरुद्ध घात करते. शिवाय प्रत्येक चेंडू वळतोच असंही नाही. वळेल या हिशेबाने खेळायला जावं आणि तो नेमका सरळ यावा, ही तर फिरकीची सर्वांत जुनी खोड. सहा चेंडू एक व्याकरण, पुढचे सहा दुसरं, आणि दोन्हींत अपवाद भरपूर. त्या सामन्यात या दोघांनी प्रत्येकी 9 बळी घेतले. गावसकरची खेळी मोठी वाटते ती समोरची गोलंदाजीही तितकीच अस्सल होती म्हणून.

आता एकच चेंडू जवळून पाहू. कासिमचा हात वर येतो, चेंडू हवेत थोडा तरंगतो. साधा फलंदाज इथेच हालतो. चेंडूला भेटायला बॅट पुढे नेतो. पांढऱ्या हॅटखालचं गावसकरचं डोकं मात्र जागचं हलत नाही. टप्पा पडेपर्यंत तो थांबतो, वळण किती ते पाहतो, आणि चेंडू डोळ्यांच्या अगदी खाली आल्यावर बॅट खाली आणतो. वरच्या हाताची पकड पक्की, खालच्या हाताची बोटं जवळजवळ सैल. बॅटचा चेहरा किंचित जमिनीकडे झुकलेला. चेंडू बॅटला लागतो आणि त्याचा सगळा जोर जणू तिथेच जिरतो. तो पायाशी पडून राहतो. सिली पॉइंट आणि शॉर्ट लेगचे क्षेत्ररक्षक दोन पावलांवर ओणवे होऊन टपलेले आहेत, पण त्यांच्याकडे उडण्याएवढाही जीव त्या चेंडूत उरलेला नाही. नव्या प्रेक्षकाला वाटेल, काहीच घडलं नाही. प्रत्यक्षात एका माणसाने चेंडूचा वेग, फिरकी आणि उसळी अर्ध्या सेकंदाच्या आत तीन वेगवेगळ्या सांध्यांत वाटून टाकलेली आहे. त्या ‘काहीच न घडण्या’त या खेळीची अर्धी श्रीमंती आहे.

दुसरी अर्धी पायांत आहे. फिरकी खेळताना क्रीजच्या मधोमध अडकलेला फलंदाज संपला असं समजावं. तिथे टप्पाही गाठता येत नाही आणि वळण पाहायला वेळही मिळत नाही. गावसकर या अधल्यामधल्या जागेत उभाच राहत नसे. पुढे यायचं तर पाऊल थेट टप्प्यापाशी, म्हणजे चेंडूला वळायला जागाच नाही. मागे जायचं तर अगदी यष्ट्यांजवळ, म्हणजे चेंडू वळून झाल्यावर सावकाश पाहता येतो. कोणता चेंडू पुढचा आणि कोणता मागचा, हा निर्णय गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटतानाच घ्यावा लागतो. जेमतेम साडेपाच फुटांच्या या माणसाची पावलं लहान, आणि म्हणून झटपट आणि अचूक. 264 चेंडूंमधला प्रत्येक पदन्यास वेगळा मांडून दाखवला, तर फिरकी कशी खेळावी याचं त्याहून चांगलं पाठ्यपुस्तक मिळणार नाही.

त्याहून सूक्ष्म गोष्ट आहे ती चुकलेल्या चेंडूची. अशा खेळपट्टीवर कुणीही फलंदाज वारंवार हुकणारच. चेंडू बॅटच्या कडेजवळून निसटतो, यष्टिरक्षक हात वर करतो, सगळं मैदान श्वास रोखतं. हुकलेल्या चेंडूचा बॅटने पाठलाग करायचा नाही, ही मुंबईच्या मैदानांवर पोरवयात घोटून घेतलेली शिकवण. बॅट आपल्या मूळ रेषेत राहिली की वळणारा चेंडू तिला चुकवून जातो आणि फलंदाज शाबूत राहतो; तिने चेंडूच्या मागे धाव घेतली की कड लागते. चुकणं मान्य करणं हाही तंत्राचाच भाग. आणि मग तो हुकलेला चेंडू मनातून काढून टाकून पुढच्याला कोऱ्या पाटीने सामोरं जाणं. तंत्राला स्वभावाची जोड मिळते ती अशी, आणि अशा वेळी दोन्हींना वेगळं काढता येत नाही.

धावा कशा झाल्या, हेही पाहण्यासारखं आहे. वसीम अक्रमने 15 धावांवरच श्रीकांत आणि मोहिंदर अमरनाथ यांना परत पाठवलं होतं. तिथून गावसकरने दिलीप वेंगसरकरबरोबर 49, अझरुद्दीनबरोबर 43 आणि रवी शास्त्रीबरोबर 32 धावा जोडल्या. आकडे लहान दिसतात. त्या खेळपट्टीवर मात्र यांतली प्रत्येक भागीदारी एकेक मजला होती. फिरकीच्या दिशेने ढकललेली एकेरी धाव, टप्पा किंचित आखूड पडला की मागे जाऊन मोकळ्या जागेत मारलेला फटका, आणि दोन धोक्यांमधला थोडा निवांतपणा ओळखण्याची नजर. बचाव आणि धावा या त्याच्या लेखी दोन वेगळ्या कृती नव्हत्याच. ज्या बॅटने चेंडू मारला जाई, तीच थोडी उशिरा आली की बचाव होई. समोर गडी बाद होत होते, लक्ष्य मात्र प्रत्येक तासाला थोडं जवळ सरकत होतं. फटकेबाजी न करता सामना आपल्या बाजूला ओढत नेण्याची ही कला पाहताना मन थक्क होतं.

ही कला आली कुठून? चिखलवाडीत वाढलेला आणि दादर युनियनकडून खेळलेला हा मुलगा कांगा लीगमध्ये घडला. 1948 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा मुंबईत ऐन पावसाळ्यात खेळली जाते. न झाकलेल्या ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थबकतो, कधी उडतो, आणि गुडघाभर वाटावं अशा गवतातून चौकार जाता जात नाही. अशा मैदानावर धावा करायच्या तर थांबायला शिकावंच लागतं. आणि चिन्नास्वामीशी गावसकरचं आणखी एक नातं होतं. 1981-82 च्या रणजी उपांत्य सामन्यात याच मैदानावर कर्नाटकचा डावखुरा फिरकीपटू रघुराम भट मुंबईला भारी पडला होता. बाहेर जाणारा त्याचा चेंडू निष्प्रभ करण्यासाठी गावसकर चक्क डाव्या हाताने खेळायला उभा राहिला, म्हणजे तोच चेंडू आता आत येऊन पॅडवर आदळला असता. तो 18 धावांवर नाबाद राहिला. तेव्हा त्यावर टीका झाली. पण वळणाऱ्या चेंडूचा हिशेब हा माणूस किती खोलवर करत असे, हे त्यातून दिसतं. पाच वर्षांनी त्याच मैदानावर, तशाच गोलंदाजीसमोर त्याने ते गणित उजव्या हाताने मांडलं. आयुष्यभराची मशागत एका डावात फळाला आलेली अशी क्वचित दिसते.

17 मार्चला तो क्षण आला. धावसंख्या 180. कासिमचा एक चेंडू टप्प्यावरून उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानच्या हातात गेला. सलामीला उतरलेला माणूस आठवा गडी म्हणून बाद झाला; विजयासाठी 41 धावा हव्या होत्या. रॉजर बिन्नीने शेवटपर्यंत झुंज दिली, पण डाव 204 वर आटोपला. पाकिस्तानने भारतात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. गावसकरची ती अखेरची कसोटी खेळी ठरली. 125 कसोटींत 10,122 धावा आणि 34 शतकं अशी त्याची कारकीर्द तिथे पूर्ण झाली. तो हरला तो चुकीच्या फटक्याने हरला नाही. त्या खेळपट्टीवर कुणाच्याही वाट्याला केव्हाही येऊ शकला असता असा चेंडू त्याच्या वाट्याला सव्वापाच तासांनी आला. त्याला तितका वेळ ताटकळत ठेवलं, यातच या खेळीचा मान आहे.

इथे आपण सुरुवातीच्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचतो. या देशात क्रिकेट नुसतं जिंकण्याहरण्यासाठी पाहिलं जात असतं, तर ही खेळी केव्हाच विसरली गेली असती. रेकॉर्डच्या वहीत तर तिची नोंद साध्या अर्धशतकाची आहे. ती टिकली याचं कारण रेडिओला कान लावून बसलेले कारकून, चाळीतल्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेली कुटुंबं, मैदानाच्या कुंपणाला रेलून उभे असलेले म्हातारे या सगळ्यांना कसब ओळखता येत होतं. चेंडू ‘सोडला’ याला दाद देणारा प्रेक्षक या खेळाने इथे पिढ्यान्‌पिढ्या घडवला. शिक्षण, भाषा, जात, पैसा यांच्या भिंती मजबूत असलेल्या समाजात, एका फॉरवर्ड डिफेन्सची गुणवत्ता सगळ्यांना सारखीच कळावी आणि त्यावर सगळ्यांनी बरोबरीच्या हक्काने वाद घालावा, ही साधी गोष्ट नव्हे. समोरचा संघ पाकिस्तानचा, वातावरण तापलेलं, आणि तरी इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांच्या गोलंदाजीचं मोठेपण मान्य केल्याशिवाय या खेळीचं वर्णनच पुरं होत नाही. रसिकता माणसाला नकळत इतकं न्यायी बनवते.

म्हणून नव्या पाहुण्याला माझं सांगणं एवढंच. षटकारांना टाळ्या वाजवायला कुणी शिकवावं लागत नाही. तो आनंद आपोआप मिळतो. पुढच्या वेळी चेंडू वळत असेल तेव्हा धावफलकाकडे थोडं दुर्लक्ष करा आणि फलंदाजाचे हात पाहा. खालची बोटं सैल आहेत का, डोकं स्थिर आहे का, हुकलेल्या चेंडूनंतर तो पुन्हा त्याच शांतपणे उभा राहतो का. हे दिसायला लागलं, की बाजूला बसलेला अनोळखी माणूस नेमक्या त्याच चेंडूला मान डोलावताना दिसेल. या देशात क्रिकेटची जागा कुठे आहे, ते तेव्हा त्याच्याशी बोलून घ्या. तो तुम्हाला हौसेने सांगेल, आणि बहुधा 96 धावांच्या या खेळीपासूनच सुरुवात करेल.