धर्म आणि अर्थविचार : पेण-रोह्याची साक्ष

धर्मग्रंथ मनुष्याला परलोकाची वाट दाखवितो हें सर्वमान्य आहे. त्याच्या दुकानाचा व शेताचा हिशेबही तोच मांडून देतो काय, हा वाद युरोपांत शंभरांहून अधिक वर्षें चालला आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'रिलिजन अँड द राइज ऑफ कॅपिटॅलिझम' या ग्रंथांत तो नव्यानें उपस्थित केला आहे.

जर्मन पंडित मॅक्स वेबर यांचें १९०४-०५ मधील प्रतिपादन वाचकांस ठाऊक असेल. कोणाचा उद्धार व्हावयाचा हें ईश्वरानें आधींच ठरविलें आहे, या कॅल्व्हिनच्या मतानें प्रॉटेस्टंट भाविक अस्वस्थ झाला. आपण निवडलेल्यांपैकीं आहों याची खूण तो धंद्यांतील शिस्तींत व काटकसरींत शोधूं लागला, आणि त्या वृत्तीनें भांडवलशाहीस बळ दिलें. फ्रीडमन यांचा विषय आचाराचा नसून विचाराचा आहे, आणि त्यांचा रोख जवळजवळ उलट आहे. हें कठोर मत सैल झालें, मनुष्य स्वतंत्र व सुधारणाक्षम आहे असें धर्मोपदेशक सांगूं लागले, तेव्हांच स्वहिताच्या व्यवहारांतून लोकहितही साधतें ही ॲडम स्मिथची दृष्टि शक्य झाली, असें ते म्हणतात.

परंतु स्मिथचा स्नेही ह्यूम हा तर धर्माविषयीं उघड संशयवादी होता! फ्रीडमन उत्तर देतात कीं, येथें व्यक्तीच्या श्रद्धेचा प्रश्न नाहीं. त्या काळची वैचारिक हवाच तशी होती. उत्तर विद्वत्तापूर्ण आहे, पण पूर्ण समाधान करणारें नाहीं. हवेचा परिणाम नाकारतां येत नाहीं, तसा तो सिद्धही करतां येत नाहीं.

हा धागा जेथें स्पष्ट दिसतो, असें एक उदाहरण आमच्या कोंकणांत आहे. विनोबा भावे यांचा जन्म १८९५ मध्यें पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं झाला. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा १९२० मध्यें रोह्यास. दोघांचाही आधार गीता, आणि दोघांनींही आपलें कार्य तिच्यावरच उभारलें. १९३२ मध्यें धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर प्रवचनें देणाऱ्या विनोबांनीं १९५१ मध्यें तेलंगणांत पोचमपल्ली येथें भूदान आरंभिलें. भूमि हवा-पाण्याप्रमाणें ईश्वराची आहे, तिच्यावर मालकी कोणाचीच नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष. शास्त्रीजींनीं जमीन मागितली नाहीं, श्रम मागितले. त्यांच्या 'योगेश्वर कृषी'त गांवकरी वर्षांतील थोडे दिवस पुजारी या नात्यानें सामाईक शेतांत राबतात. पीक ईश्वराचें मानून त्यांतून गरजूंस प्रसाद म्हणून साहाय्य दिलें जातें. कोळी बांधवांच्या 'मत्स्यगंधा' नौका याच तत्त्वावर चालतात. एकानें मालकीच विसर्जित करावयास सांगितलें. दुसऱ्यानें ती तशीच ठेवून तिच्या शेजारीं निर्मम संपत्ति उभी केली.

ग्रंथ एक, तालुके शेजारचे, आणि हिशेब दोन! हा भेद गीतेनें घडविला असें म्हणतां येणार नाहीं. विनोबांच्या पुढें भूमिहीन व जमीनदार यांचा रक्तरंजित संघर्ष होता. शास्त्रीजींच्या पुढें घाम गाळणारे, पण एकमेकांपासून दुरावलेले शेतकरी व कोळी होते. धर्मानें दोघांस प्रेरणा दिली. योजना मात्र परिस्थितीनें दिली. भूदानांत मिळालेल्या जमिनीपैकीं पुष्कळ नापीक निघाली, तेव्हां तर धर्मप्रेरणेची मर्यादा उघडच झाली. श्रद्धा दात्याचा हात सैल करूं शकते. खडकाळ रानांत पीक काढूं शकत नाहीं.

ही चर्चा केवळ पंडितांची नव्हे. हिंदूंचा कर्मसिद्धांत व जातिव्यवस्था आर्थिक उत्कर्षास प्रतिकूल आहेत, असा निर्वाळा वेबर यांनींच पुढें दिला, आणि आमच्यांतील सुशिक्षितांनींही तो अनेकदां उच्चारला आहे. ज्या गीतेनें कोणाला संन्यास शिकविला, तिनेंच पेणच्या पुत्रास भूमि वांटावयास व रोह्याच्या पुत्रास नांगर धरावयास शिकविलें. म्हणून एखाद्या समाजाचें दारिद्र्य किंवा वैभव त्याच्या पोथींत शोधणाऱ्यानें आधीं त्याची जमीन, कर्ज व कायदे पाहावे. पोथी त्यानंतर उघडावी. फ्रीडमन यांचा ग्रंथ अवश्य वाचावा, पण ही सावधगिरी बाळगून.