श्रुती, श्रद्धा आणि शब्द : केडगावचे भाषांतर व पुण्याची कॅथलिक मीमांसा

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात केडगाव हे रेल्वेवरील एक लहानसे स्थानक आहे. मराठी बायबलाच्या इतिहासात त्याला जे महत्त्व प्राप्त झाले ते पंडिता रमाबाईंमुळे. आयुष्याची अखेरची दीड दशकाहून अधिक वर्षे त्यांनी येथील मुक्ति सदनात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि त्यानंतर, १९२४ साली, संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे बरेचसे काम सदनातील स्त्रियांनीच केले. याच जिल्ह्यात, पुण्याहून शिरूरकडे जाणाऱ्या नगर रस्त्यावर, रोमन कॅथलिक ईश्वरविद्येचे एक मोठे पीठ उभे आहे. येशूसंघीयांचे डी नोबिली कॉलेज आणि १९५५ साली कँडीहून पुण्यास आलेले पेपल सेमिनरी यांच्याभोवती ते वाढले आणि पुढे ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ओळखले जाऊ लागले.

ही दोन केंद्रे एकमेकांपासून फार दूर नाहीत. तथापि धर्मग्रंथ आणि श्रद्धा यांचा परस्परसंबंध काय, या एकाच प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरे इतकी भिन्न आहेत की त्यांचा एकत्र विचार आजवर फारसा कोणाला सुचलेला दिसत नाही. तो करू पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा भेद केवळ मतांचा नाही. तो मराठी शब्दांच्या निवडीपर्यंत खाली उतरलेला आहे, आणि म्हणूनच तो वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

प्रथम कॅथलिक भूमिका पाहू. ८ एप्रिल १५४६ रोजी त्रेंत येथील धर्मपरिषदेने असा निर्णय दिला की लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली अलिखित परंपरा या दोहोंचा स्वीकार सारख्याच आदराने करावयाचा. लॅटिन भाषांतर तिने प्रमाण मानले. आणि १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीतील नियमांनी देशी भाषांतील बायबलाच्या वाचनावर धर्माधिकाऱ्याच्या अनुमतीचे बंधन घातले. या निर्बंधाचा अर्थ केवळ 'ग्रंथ झाकून ठेवला' असा करण्याची प्रथा आहे. ती अर्धसत्य आहे. ग्रंथ झाकला गेला हे खरे. पण ग्रंथातील कथा झाकली गेली नाही. ती चित्रांतून, प्रवचनांतून, उपासनेतून आणि आपल्याकडे तर ओवीतून सांगितली गेली.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलाचे भाषांतर नव्हे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. ते कथन आहे. श्रोता शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो, अशी त्याची घडण पुराणाची आहे. आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरताना कवीला कोणताही संकोच वाटत नाही. हिंदू पुराणांचे खंडन करावयास निघालेला मनुष्य त्याच पुराणांचा साचा आणि त्यांचाच शब्द उचलतो, याचे आश्चर्य अनेकांनी व्यक्त केले आहे. काहींनी ते कवीच्या मराठीप्रेमाच्या खाती जमा केले, काहींनी धर्मप्रसाराच्या चातुर्याच्या. दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. माझ्या मते त्याचे मूळ त्याच्या धर्ममतातच आहे. ज्या संप्रदायात ग्रंथ एकटा बोलत नाही, ज्यात ग्रंथाशेजारी सांगणारा सदैव उभा असतो, त्या संप्रदायाला जुन्या शब्दाची भीती बाळगण्याचे कारण नसते. 'वैकुंठ' म्हटल्यावर श्रोत्याच्या मनात शेषशायी विष्णू उभा राहिला तर त्याला दूर सारण्यास पाद्री समोरच आहे. शब्दाचा अर्थ कोशाने ठरावयाचा नाही, तो देवळात ठरावयाचा आहे.

आता केडगावकडे वळू. रमाबाई जन्माने ब्राह्मण. संस्कृत विद्येत त्यांचा अधिकार असा की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. अशा विदुषीच्या हातून बायबल मराठीत उतरत असता ते संस्कृतप्रचुर, गीर्वाण वळणाचे होईल अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले नेमके उलटे. प्रचलित मराठी भाषांतरावर त्यांचा मुख्य आक्षेपच हा होता की त्यातील शब्दांना वेदान्ताचा आणि हिंदू पूजाविधींचा वास येतो. साध्या बायकांना, खेड्यातील अल्पशिक्षितांना कळेल असा शब्द त्यांना हवा होता, आणि तो मूळ हिब्रू-ग्रीक शब्दाशी काटेकोरपणे जुळणाराही हवा होता. या दोन मागण्या एकमेकींशी सहज नांदणाऱ्या नाहीत. परिणामतः त्यांचे भाषांतर शब्दांनी सोपे आणि वाक्यरचनेने पुष्कळदा अवघड झाले आहे. हिब्रू वाक्याचा सांगाडा मराठीतून दिसत राहतो. रसिक वाचक त्याला दोष म्हणेल, आणि वाङ्मयीन दृष्टीने तो दोष आहेच.

संस्कृताचा ठेवा जिच्या मुखी होता तिने तो दारात ठेवला, आणि परमुलखातून आलेल्या पाद्र्याने तो उचलून घरात आणला. ही विसंगती वरवरची आहे. रमाबाईंच्या कल्पनेतील वाचक ग्रंथासमोर एकटा आहे. बहुधा ती वाचिका आहे. दुष्काळातून वाचलेली, नुकतीच अक्षरे लावू लागलेली. तिच्या आणि ग्रंथाच्या मध्ये कोणी शास्त्री असू नये हा तर रमाबाईंच्या साऱ्या जीवनाचा आग्रह. मध्यस्थ नाही म्हणून चूक सुधारणारा कोणी नाही. म्हणून शब्दच निष्कलंक असला पाहिजे. स्टीफन्सचा उदारपणा आणि रमाबाईंचा सोवळेपणा हे दोन्ही आपापल्या ग्रंथप्रामाण्यविचारातून तर्कशुद्धपणे निघतात.

या आग्रहाची बीजे फार आधीची आहेत. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात हाच वाद पुनःपुन्हा डोके वर काढतो. तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. तो चर्च अँग्लिकन होता, कॅथलिक नव्हे; परंतु सिस्टर जेराल्डिन ज्या उच्चचर्चीय पंथाच्या, त्या पंथाची परंपरेविषयीची निष्ठा कॅथलिकांच्या निष्ठेच्या जवळची होती. चर्चने जे ठरविले ते स्वीकारावे, हा एका बाजूचा उपदेश. मी ब्राह्मण पुरोहितांची सत्ता एवढ्या कष्टाने सोडली ती दुसऱ्या पुरोहितांची सत्ता मानण्यासाठी नव्हे, असा दुसऱ्या बाजूचा सूर. रमाबाईंचे हे म्हणणे ईश्वरविद्येच्या परिभाषेत मांडलेले नसल्यामुळे त्याचे मोल कमी लेखले गेले. वस्तुतः कॅथलिक मीमांसेला विचारण्याजोगा सर्वांत अवघड प्रश्न त्यांनीच विचारला होता: सांगणारा मध्ये आवश्यक असेल, तर सांगणाऱ्याला जाब विचारणारे प्रमाण कोणते?

या प्रश्नाला रोमकडून उत्तर आले ते पुष्कळ उशिरा. १९४३ साली बाराव्या पायस पोपने मूळ भाषांचा आणि प्राचीन वाङ्मयप्रकारांचा अभ्यास हे ग्रंथव्याख्येचे आवश्यक अंग मानले. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रकटीकरणविषयक जो संविधानलेख संमत केला, त्यात आणखी दोन गोष्टी आल्या. धर्मगुरूंची अध्यापनसत्ता ईश्वरी वचनाच्या वर नसून त्याची सेवक आहे, ही एक. आणि सर्व श्रद्धावंतांना ग्रंथ सुलभ व्हावा म्हणून मूळ भाषांवरून भाषांतरे करावीत, प्रसंगी विभक्त बांधवांच्या सहकार्यानेही करावीत, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीपुरते बोलावयाचे तर केडगावने ती एक्केचाळीस वर्षे आधी, कोणाच्याही अनुमतीवाचून, पार पाडली होती.

परिषदेच्या या विचाराशी पुण्याच्या पीठाचा संबंध प्रत्यक्ष होता. ऑस्ट्रियातून १९३८ साली भारतात आलेले फादर जोसेफ नॉयनर हे परिषदेतील तज्ज्ञांपैकी एक. झाक् द्युपुई यांच्यासह त्यांनी चर्चच्या सिद्धान्तलेखांचा जो इंग्रजी संग्रह १९७३ साली प्रसिद्ध केला, तो जगभरच्या सेमिनऱ्यांत पाठ्यग्रंथ झाला. संग्राहकाची दृष्टी प्रकरणांच्या क्रमातही दिसते. पहिले प्रकरण प्रकटीकरण आणि श्रद्धा यांवर. दुसऱ्याचे शीर्षक 'परंपरा आणि धर्मग्रंथ'. आधी परंपरा, मग ग्रंथ. हा क्रम सहज पडलेला नाही. ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वी समाज होता आणि समाजाची श्रद्धा होती, हे ऐतिहासिक सत्य त्या क्रमात आहे. त्याचबरोबर, अशा संग्रहातून ईश्वरविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याला श्रद्धा म्हणजे ठरावांची मालिका वाटण्याचा धोकाही त्या क्रमातच आहे.

त्याच परिसरातील फादर रिशार द स्मेत यांचे कार्य मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल. १९५३ साली रोम येथे सिद्ध केलेल्या प्रबंधात त्यांनी असे प्रतिपादिले की शंकराचार्यांना केवळ तर्कनिष्ठ तत्त्वज्ञ समजणे चूक आहे. ते मूलतः श्रुतीचे व्याख्याते आहेत आणि त्यांचा तर्क श्रुतीच्या अनुग्रहाने चालतो. आपल्या विद्यापीठांतून शंकरांना कांट आणि हेगेल यांच्या पंक्तीला बसविण्याची जी हौस होती, तिला हे उत्तर समर्पक होते. ते एका कॅथलिकाने द्यावे यातही औचित्य आहे. शब्दप्रमाण मानूनही बुद्धी कशी चालते हे त्याला घरच्या अनुभवाने ठाऊक असते. तथापि साम्य येथे संपते. मीमांसकाची श्रुती अपौरुषेय आहे. तिला कर्ता नाही, म्हणून कर्त्याचा अभिप्राय, त्याचा काळ, त्याची लेखनपद्धती हे प्रश्नच तेथे उद्भवत नाहीत. बायबलाला ईश्वराबरोबर मानवी लेखकही आहेत, असे कॅथलिक सिद्धान्त सांगतो, आणि त्यामुळे इतिहासाचा दरवाजा त्याला उघडा ठेवावाच लागतो.

त्या दरवाजातून निर्भयपणे आत गेले ते फादर जॉर्ज सोअरिश-प्रभू. पुण्याच्या या पीठात नव्या कराराचे अध्यापन करणाऱ्या या विद्वानाचा १९९५ साली रस्त्यावरील अपघातात अंत झाला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील बालचरित्रात जुन्या करारातील जी वचने 'पूर्ण झाली' म्हणून दिलेली आहेत, त्यांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली रोममध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने मार्मिक आहे. ती वचने प्रचलित ग्रीक पाठाशीही जुळत नाहीत आणि हिब्रू पाठाशीही तंतोतंत जुळत नाहीत, कारण शुभवर्तमानकाराने ती मूळ हिब्रूवरून स्वतःच, आपल्या संदर्भाला अनुसरून, मोकळेपणाने भाषांतरित केली आहेत. म्हणजे ज्या ग्रंथाशी अक्षरनिष्ठ राहण्यासाठी केडगावी एवढे कष्ट झाले, तो ग्रंथ स्वतः पूर्वग्रंथाशी अक्षरनिष्ठ नव्हता! भाषांतराच्या प्रश्नात मत्तय स्टीफन्सच्या बाजूचा निघतो. रमाबाईंच्या निष्ठेचे नैतिक मोल यामुळे घटत नाही. पण त्या निष्ठेमागील ग्रंथकल्पना टिकत नाही, हे मान्य करावे लागते.

सोअरिश-प्रभू येथे थांबले नाहीत. पाश्चात्त्य ऐतिहासिक-चिकित्सक पद्धतीत पारंगत असूनही, दारिद्र्य, जाती आणि अनेक धर्म यांनी वेढलेल्या भारतीय वाचकाच्या खऱ्या प्रश्नांना ती पद्धती स्पर्श करीत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. येशू जकातदारांसह आणि पापी गणलेल्यांसह एका पंक्तीला बसतो, या घटनेचा दलित ख्रिस्ती समाजाच्या संदर्भात अर्थ लावणारा त्यांचा १९९२ चा निबंध या भूमिकेचे उत्तम उदाहरण होय. रमाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाला कॅथलिक गोटातून मिळालेले सर्वांत प्रामाणिक उत्तर मला येथे आढळते. सांगणाऱ्याला जाब विचारणारे प्रमाण ग्रंथातच आहे, पण ते एकट्या वाचकाच्या हाती नाही. जो पंक्तीबाहेर ठेवला गेला त्याच्या वाचनात ते आहे.

मात्र या निबंधाबाबत एक गंभीर उणीव नोंदविली पाहिजे. तो इंग्रजीत आहे. त्यातील मध्यवर्ती इंग्रजी संज्ञा मेजाभोवतीच्या सोबतीची आहे. तिच्यात जेवणाचा सोहळा आहे, विटाळ नाही. मराठीत तेथे 'पंगत' म्हणावे लागले असते, आणि पंगत म्हणताच पंक्तिभेद, पंक्तिपावन हे शब्द आपोआप मागून आले असते. महाराच्या घरी जेवलेल्या एकनाथांची आख्यायिका आली असती. 'सहभोजन' म्हटले असते तर विसाव्या शतकातील सहभोजनांच्या चळवळी आणि त्यांवर झालेले बहिष्कार वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असते. निबंधकाराला जे युक्तिवादाने सिद्ध करावे लागले, त्यातले अर्धे येथे शब्दानेच सिद्ध केले असते. स्टीफन्सला हे मर्म १६१६ साली ठाऊक होते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने (२०१०) ही उणीव काही अंशी भरून काढली. साहित्य अकादमीने २०१३ साली तिचा गौरव केला तो योग्यच झाला. तिची मराठी प्रसन्न आहे, आणि रमाबाईंच्या भाषांतरात अडखळणारा वाचक तिच्यात अडखळत नाही. परंतु ती मुख्यतः ग्रंथ सुलभ करते. ग्रंथाविषयी पुण्यात जे वाद झाले, ते मराठीत आणणे हे तिचे उद्दिष्ट नव्हते. शिरूर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे. त्या टापूतील खेड्यांत बायबल पोहोचले ते प्रामुख्याने प्रोटेस्टंट हातांनी, आणि जे पोहोचले ते मराठीतच पोहोचले. ज्या समाजाविषयी सोअरिश-प्रभूंनी लिहिले, त्या समाजाची वस्ती याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना, पुढे नगर जिल्ह्यापर्यंत, पसरलेली आहे. विद्यापीठाच्या फाटकापासून शिरूर अवघे साठ-पासष्ट किलोमीटर आहे.