शिक्षक समोर नसताना शिकवणारे पुस्तक

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुले दरवर्षी जूनमध्ये एक प्रश्न घेऊन येतात : "सर, जॅमसाठी कॅल्क्युलसचे कोणते पुस्तक घेऊ?" जॅम ही आयआयटी व अन्य काही संस्थांतील एम.एस्सी.साठीची प्रवेशपरीक्षा. तिच्या तयारीचा बराचसा भाग मुले घरी, एकट्याने करतात. "रुडिन वाच," असे उत्तर मी अनेक वर्षे देत आलो. एका विद्यार्थिनीने ते मनावर घेतले. चार महिने ती दुसऱ्याच प्रकरणाशी झगडत राहिली आणि "गणित माझा विषय नाही" असे सांगायला परत आली. तिच्या हाती चुकीचे पुस्तक मी दिले होते.

त्यानंतर मी एक रीत ठरवली. मुले जिथे हमखास अडखळतात अशी एक जागा निवडायची आणि तिथे प्रत्येक पुस्तक काय करते ते पाहायचे.

अशी एक जागा दोन चलांच्या फलांची आहे. एका चलाच्या बाबतीत 'विकलज असेल तर सांतत्य असतेच' हे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. आता हे फल घ्या. अंशात क्ष × य², छेदात क्ष² + य⁴, आणि आरंभबिंदूपाशी किंमत शून्य. कोणत्याही सरळ रेषेवरून आरंभबिंदूकडे या, किंमत शून्याकडेच जाते. प्रत्येक दिशेने विकलजही मिळतो. पण क्ष = य² या अन्वस्तावरून आलो, तर अंश य⁴ होतो, छेद २य⁴; म्हणजे किंमत सतत १/२! फल आरंभबिंदूपाशी संतत नाही. सगळ्या सरळ वाटा तपासूनही आपण फसलो. इथे विद्यार्थ्याला धक्का बसला पाहिजे, कारण त्या धक्क्याशिवाय विकलनाची नवी व्याख्या कशासाठी हवी, हे कळत नाही.

टॉम अपोस्टल यांच्या 'कॅल्क्युलस'च्या दुसऱ्या खंडात (दुसरी आवृत्ती १९६९) नेमके हेच फल आहे. ते दाखवून लेखक लगेच नव्या व्याख्येकडे वळतात. आधी अडचण, मग उपाय. उदाहरणांची उत्तरे शेवटी दिली आहेत, त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्याला स्वतःला तपासता येते. दोष असा, की खंड जाडजूड आहेत आणि परीक्षेत महत्त्वाच्या असलेल्या अनुक्रमांचे प्रकरण पहिल्या खंडात दहावे येते.

वॉल्टर रुडिन यांचे 'प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल अ‍ॅनालिसिस' (पहिली आवृत्ती १९५३, तिसरी १९७६) आटोपशीर आणि सुंदर आहे. त्यात नववे प्रकरण रेषीय रूपांतरणांपासून सुरू होते. आंशिक विकलज असूनही सांतत्य नसलेले फल तिथेही आहे, पण ते प्रकरणाच्या शेवटी, सोडवायच्या उदाहरणांत. उत्तरे दिलेली नाहीत. शेजारी शिक्षक असेल तर हा संयम गुण ठरतो. तो नसेल तर तोच विद्यार्थ्याला गप्प करतो.

सुधीर घोरपडे व बालमोहन लिमये या मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापकांचे एका चलाचे पुस्तक २००६ साली आले, अनेक चलांचे २०१० साली. पहिल्या पुस्तकात अनुक्रम दुसऱ्याच प्रकरणात येतात आणि सांतत्याची व्याख्या त्यांच्याच आधारे केली जाते. आपल्या मुलांना ही वाट सोपी जाते. उदाहरणे 'अ' आणि 'ब' अशा दोन भागांत आहेत, आणि प्रकरणाच्या शेवटच्या टिपणांत हीच मांडणी का निवडली हे लेखक सांगतात. वर्गातले शिक्षक जे बोलून दाखवतात, ते इथे छापलेले सापडते.

उरली ती सोडवलेल्या प्रश्नांची गाइडे. ती सरावाला चालतात. पण जॅममध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे प्रश्नही असतात आणि त्यांत अर्धवट उत्तराला गुण नसतात. 'सर्व दिशांनी विकलज आहे', 'फल संतत आहे', 'फल विकलनक्षम आहे' यांतले काय काय खरे, असे विचारले तर पाठ केलेली रीत तोकडी पडते. वरचा अन्वस्त ज्याने स्वतः शोधला असेल, तोच तिथे टिकतो.

म्हणून आता मी घोरपडे-लिमये आधी वाचायला सांगतो. दोन चलांसाठी अपोस्टलचे आठवे प्रकरण जोडीला सुचवतो. रुडिन त्यानंतर, तोही शक्यतो दोघा-तिघांनी मिळून. आणि शिक्षकांना एक विनंती : पुस्तकाचे नाव सांगण्यापूर्वी त्यातले एक प्रकरण आपण कोणालाही न विचारता, वही-पेन्सिल घेऊन वाचून पाहावे. आपण कुठे अडलो ते पानाच्या कडेला लिहून ठेवावे आणि पुस्तकासोबत ती टिपणेही विद्यार्थ्याच्या हाती द्यावीत.