अंताचा संकेत आणि अर्थनिर्णयन : 'टेट्रिस'च्या खेळप्रकारांच्या निमित्ताने

संगणकीय खेळाचा अर्थ लावता येतो काय, आणि येत असेल तर तो साहित्यकृतीप्रमाणेच लावावा काय, या प्रश्नावरील वादात 'टेट्रिस' या खेळाचे उदाहरण महत्त्वाचे ठरले आहे. जॅनेट मरे यांनी 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' (1997) या ग्रंथात या खेळाकडे 1990 च्या दशकातील अमेरिकन माणसाच्या, कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या जीवनाचे प्रत्यक्षीकरण म्हणून पाहिले. मार्कू एस्केलिनेन यांनी 2001 मध्ये या वाचनावर कठोर आक्षेप घेतला. जेथे कथा नाही तेथे ती शोधण्याच्या अट्टाहासात खेळाचे खेळपणच नजरेआड होते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. मराठी समीक्षेला हा वाद अपरिचित वाटू नये. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्तापासून रूप आणि आशय यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे जी चर्चा होत आली, तिच्याशी त्याचे नाते उघड आहे. मात्र 'टेट्रिस' नावाची एकच एक कृती आहे, असे या दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले दिसते. खेळप्रकारांकडे लक्ष दिल्यास हे गृहीतक टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 मध्ये मॉस्को येथे, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करीत असताना हा खेळ रचला. चार चौरसांच्या जोडणीतून तयार होणाऱ्या 7 आकृत्या वरून एकेक करून खाली येतात. त्या फिरवून व सरकवून आडवी ओळ सलग भरली की ती नाहीशी होते. ढीग माथ्याला टेकला की खेळ संपतो. एवढी सामग्री सर्वत्र समान आहे. भेद पडतो तो खेळ कशाने संपावा या संकेतात. 1989 मध्ये निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी आलेल्या आवृत्तीत 'ए' आणि 'बी' यांपैकी एक प्रकार आरंभीच निवडावा लागतो. तारेने दोन यंत्रे जोडली की तिसरा, द्वंद्वाचा प्रकार उपलब्ध होतो.

'ए' प्रकारात विजयाची तरतूदच नाही. ओळी पूर्ण होतील तसा वेग वाढत जातो आणि केव्हातरी ढीग माथ्याला पोचतो. मोठी गुणसंख्या गाठणाऱ्याला पडद्यावर अग्निबाण उडताना दिसतो, पण तोही हरल्यानंतर. हायडी बर्गील यांनी 1997 मध्ये गणिताच्या आधारे दाखवून दिले की, 'एस' आणि 'झेड' या अक्षरांसारख्या दोन वाकड्या आकृत्या पुरेसा काळ आलटून पालटून येत राहिल्या तर कोणताही खेळाडू हरतोच. आणि आकृत्यांचा क्रम खरोखर यादृच्छिक असेल तर अशी मालिका कधीतरी येणे अटळ आहे. येथील पराभवाला खेळाडूची चूक आवश्यक नाही. तो रचनेतच अंतर्भूत आहे. मरे यांच्या वाचनाला बळ मिळते ते याच प्रकारातून.

'बी' प्रकारात 25 ओळी पूर्ण केल्या की खेळ जिंकला जातो. वेग खेळाडूने आरंभी निवडलेला असतो आणि तो वाढत नाही. तळाशी आधीच विस्कळीत चौरसांचा थर हवा असेल तर तोही मागून घेता येतो. काम मोजलेले, ओझे स्वेच्छेने पत्करलेले आणि शेवट पूर्तीचा, अशी ही रचना आहे. न संपणाऱ्या श्रमाचे रूपक येथे लागू पडत नाही. द्वंद्वाच्या प्रकारात तर एका खेळाडूने एकाच वेळी दोन किंवा अधिक ओळी नाहीशा केल्या की दुसऱ्याचा ढीग तळातून वर उचलला जातो. एकाची सुटका दुसऱ्याचे ओझे होते.

या भेदाचा परिणाम आकृत्यांच्या अर्थापर्यंत पोचतो. चार चौरसांची सरळ पट्टी तिन्ही प्रकारांत सारखीच दिसते. 'ए' प्रकारात एकदम चार ओळी नाहीशा करून मोठे गुण मिळविण्याच्या आशेने खेळाडू कडेचा स्तंभ रिकामा ठेवून तिची वाट पाहतो. ही प्रतीक्षाच पुष्कळदा त्याच्या पराभवाचे कारण ठरते. 'बी' प्रकारात उरलेल्या ओळींचा हिशोब मुख्य असल्याने तिच्यावाचूनही भागते. द्वंद्वात ती शस्त्र असते. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील त्याच्या स्थानावरून ठरते, हे सोस्यूरप्रणीत तत्त्व येथे मान्य करावे लागतेच. त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, ही व्यवस्था अंताच्या संकेताने बांधलेली असते. फ्रँक करमोड यांनी 1967 मध्ये कथनातील अंताविषयी जी मांडणी केली, तिची उपयुक्तता कथेबाहेरही आहे, ती या अर्थाने.

संकेताने ठरविलेला अंत आणि माध्यमाच्या मर्यादेमुळे येणारा अंत यांत मात्र फरक केला पाहिजे. निन्टेन्डोच्या दूरचित्रवाणीला जोडावयाच्या यंत्रावरील 1989 च्या आवृत्तीत 29 वी पातळी ही मानवी क्षमतेची सीमा मानली जात असे. 2023 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील 13 वर्षांचा एक मुलगा 157 व्या पातळीवर पोचला आणि खेळाची आज्ञावलीच गोठली. हा अंत रचनाकाराने योजिला नव्हता आणि तो खेळाडूचा पराभवही नव्हता. अर्थनिर्णयनात त्याला वेगळे स्थान द्यावे लागेल.

खेळावर बाहेरून आशय लादू नये, ही एस्केलिनेन यांची भूमिका रास्त आहे. पण नियम अर्थशून्य असतात, असा निष्कर्ष तिच्यातून काढता येणार नाही. काळ, श्रम आणि 'दुसरा' यांच्याशी खेळाडूचे नाते नियमच घडवितात, आणि अंताचा नियम बदलताच ते नाते बदलते. मरे यांचे वाचन चुकीचे नाही; ते एका प्रकाराचे वाचन आहे आणि संपूर्ण कृतीचे म्हणून मांडले गेले आहे. क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी आणि तिचे ग्रंथरूप यांचे शब्द तेच असले तरी वाचकाची अपेक्षा एक नसते, याचा विचार आपण तरी कितपत करतो? कृती कोणत्या संकेताखाली वाचली जात आहे, हे सांगितल्याखेरीज तिच्या अर्थाविषयी केलेले विधान अपुरे राहते.