मौनाचा अर्थ कसा लावायचा? एनएफएसच्या ‘पारदर्शकते’ची चिकित्सा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज संगणकाच्या फाइलींवर बोलणार म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. पण विषय माझाच आहे. एखादी गोष्ट कळत नाही म्हणजे ती नाहीच, असं म्हणता येतं का, हा तो विषय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ने १९८४च्या सुमारास एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, तयार केली. सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लाइमन, वॉल्श आणि लायन या पाच जणांचा तिच्यावरचा निबंध १९८५ साली आला. कल्पना साधी आहे. सर्व्हरवर ‘एक्स्पोर्ट्स’ नावाची यादी असते. कोणती डिरेक्टरी कोणत्या यंत्रांना द्यायची ते तिच्यात लिहायचं. दुसऱ्या यंत्राने ती डिरेक्टरी आपल्या झाडाच्या फांदीवर ‘माउंट’ करायची, आंब्याला कलम बांधतात तशी. त्यानंतर तुमच्या प्रोग्रॅमला फरकच कळत नाही. फाइल उघडा, वाचा, लिहा. सगळं घरच्या डिस्कसारखं. याला त्यांनी ‘पारदर्शकता’ म्हटलं.

इथे जरा थांबू या. आपण ‘पारदर्शक कारभार’ म्हणतो तेव्हा आतलं सगळं दिसावं, असं आपल्याला म्हणायचं असतं. संगणकवाले पारदर्शक म्हणतात तेव्हा मधलं काहीच दिसू नये, असा अर्थ असतो. एकच शब्द, मागण्या दोन, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध. माझी सगळी तक्रार या एका शब्दात आहे.

एक अनुभव सांगतो. आमच्या विभागात सगळ्यांच्या फाइली एका सर्व्हरवर असायच्या. एका दुपारी मी लिहीत असताना यंत्र गोठलं. पडद्यावर संदेश आला, त्याचा आशय असा: सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. प्रोग्रॅम बंद करू म्हटलं तर तोही बंद होईना. तासाभराने सर्व्हर ठीक असल्याचा संदेश आला आणि अर्धं राहिलेलं वाक्य होतं तिथून पुढे सुरू झालं! मी चिडलो होतो. पण तो तास मला बरंच शिकवून गेला.

सर्व्हर उत्तर देत नाही याचा अर्थ काय? तो बंद पडला असेल. मधली तार तुटली असेल. तो कामात बुडाला असेल. किंवा काम झालं असेल आणि उत्तर वाटेत हरवलं असेल. माझ्या यंत्राला या चारही गोष्टी अगदी सारख्याच दिसतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्यांनी एक अट घातली, योग्यतेची. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. घरच्या डिस्कच्या बाबतीत ही अट बहुतेक वेळा पुरी होते. नेटवर्कवर ती पुरी होत नाही. नेटवर्क ही कायमची अंधारी खोली आहे.

एनएफएसच्या कर्त्यांनी यावर काढलेला उपाय खरोखर हुशारीचा होता, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी सर्व्हरला स्मृतीच ठेवली नाही. कोणी कोणती फाइल उघडली हे तो लक्षात ठेवत नाही. प्रत्येक विनंतीत फाइलची खूण, कुठून वाचायचं आणि किती, हे सगळं असतं. सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी ग्राहकाने तीच विनंती पुन्हा करायची. वाचण्याची विनंती दहादा केली म्हणून बिघडत नाही.

पण पुसण्याचं काय? मी ‘ही फाइल पुसा’ म्हटलं. सर्व्हरने पुसली, उत्तर हरवलं. मी पुन्हा विनंती केली. सर्व्हर म्हणतो, अशी फाइलच नाही! तो खोटं बोलत नाही. पण काम यशस्वी झालं आणि माझ्या हाती चूक आली. मग अलीकडच्या विनंत्यांची नोंद सर्व्हरला ठेवावी लागली. फाइलींच्या कुलपांसाठी वेगळा, स्मृती असलेला प्रोटोकॉल जोडावा लागला. स्मृती पुढच्या दाराने बाहेर काढली, ती मागच्या दाराने आत आली.

आता १९९४चा एक निबंध. वॉल्डो, वायंट, वोलराथ आणि केंडल यांचा, आणि गंमत म्हणजे तोही ‘सन’च्याच प्रयोगशाळेतला. त्यांचं म्हणणं असं की दोष एनएफएसच्या बांधणीत नाही. जवळच्या डिस्कसाठी केलेला करार दूरच्या यंत्रावर लादला, तिथे आहे. म्हणून दोनच पर्याय उरतात. ‘हार्ड’ माउंट: उत्तर येईपर्यंत थांबा. ‘सॉफ्ट’ माउंट: ठरावीक वेळाने चूक झाल्याचं सांगून मोकळे व्हा. ही व्यवस्था तरीही चालते, कारण तिच्यामागे निस्तरायला एक प्रशासक, म्हणजे माणूस, बसलेला असतो.

निदान मला मान्य आहे. पण दोन्ही पर्याय सारखेच वाईट, असं कोणी त्यातून काढलं तर मी सहमत नाही. सॉफ्ट माउंटमध्ये प्रोग्रॅमने लिहिलं, ‘झालं’ असं त्याला कळलं, आणि चूक फाइल बंद करताना समोर आली. बंद करताना उत्तर तपासणारे प्रोग्रॅम किती? न तपासणाऱ्यांचा मजकूर मुकाट्याने बिघडतो. हार्ड माउंट माणसाला छळतो, पण माहीत नसलेलं माहीत आहे असं म्हणत नाही. माझं अर्धं वाक्य त्या हट्टामुळेच वाचलं. अज्ञान कबूल करून थांबणं हे खोट्या निर्णयापेक्षा बरं.

आणि तिसरी वाटही आहे. २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीने स्मृतिहीनतेचा आग्रह सोडला आणि ‘लीज’ आणली. ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत आपली लीज ताजी करायची. नाही केली तर सर्व्हर त्याची कुलपं काढून घेऊ शकतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला तर जुन्या ग्राहकांना आपली कुलपं परत मागायला सवलतीचा काळ मिळतो. ग्राहक मेला की जिवंत आहे हे सर्व्हरला अजूनही कळत नाहीच. फक्त मौनाचा अर्थ काय धरायचा, हे दोघांनी आधी ठरवून घेतलं. ज्ञानाचा प्रश्न सुटला नाही. तो कराराचा प्रश्न झाला. मला ही मोठी प्रगती वाटते.

मग पारदर्शकता नकोच का? हवी की. मी फाइल वाचताना ती कुठल्या खोलीत आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. पण ज्या क्षणी गोष्टी बिघडतात, त्या क्षणी मधलं अंतर मला दिसलं पाहिजे. सुखात लपलेलं अंतर संकटातही लपूनच राहिलं, तर ती सोय राहत नाही, भ्रम होतो.

तुम्ही आज आपल्या फाइली, फोटो दूरच्या यंत्रांवर ठेवता. तिथून उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ काय धरायचा, हे कोणी आणि कधी ठरवलं आहे? घरी गेल्यावर एवढं एकदा तपासून बघा. आता प्रश्न विचारा.