जलरंगातील खाटीकआळी

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क या प्राचीन नगरात ‘शॅम्बल्स’ नावाचा एक बाजारबोळ आहे. जलरंगचित्रकारांनी तो वारंवार रंगविला असून, त्या चित्रांच्या छापील प्रती प्रवासी हौसेने घरी नेतात. दोहो बाजूंनी पुढे झुकलेली लाकडी चौकटींची घरे, त्यांच्यामधली आकाशाची अरुंद पट्टी, ओल्या फरसबंदीवर सांडलेला दुकानांचा पिवळसर उजेड आणि खाली वळणदार अक्षरांत बोळाचे नाव, असा या चित्रांचा ठरलेला घाट होय. त्यांतील कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु अनुवादकाच्या नजरेला अडखळावयास होते ते खालच्या नावापाशी.

हे नाव मराठीत कसे आणावे? जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बाक वा फळी असा. पुढे विक्रीचे मांस मांडण्याची फळी, मग मांसबाजार, मग कत्तलखाना, आणि आजच्या बोलीत नुसता गोंधळ. तेव्हा सरळ अनुवाद ‘खाटीकआळी’ असाच करावा लागतो. तो चित्राखाली लिहून पाहावा, म्हणजे चित्र एकाएकी परके वाटू लागते.

वस्तुतः या बोळाचे सारे सौंदर्य खाटकांच्या गरजेतून घडलेले आहे. बहुतेक घरे चौदाव्या-पंधराव्या शतकांतील. वरचे मजले पुढे आल्याने मांसावर ऊन पडत नसे. दोहोकडचे कट्टे उंच ठेवून मधला भाग पन्हळीसारखा खोल केलेला, कारण रक्त आणि आतडी तेथूनच धुऊन न्यावयाची असत. १८७२ सालापर्यंतही येथे खाटकांची पंचवीसेक दुकाने होती. याच बोळातील एका खाटकाची पत्नी मार्गरेट क्लिदरो हिला कॅथलिक धर्मोपदेशकांना आसरा दिल्याच्या आरोपावरून १५८६ साली दगडांखाली चिरडून मारण्यात आले. १९७० साली तिला संतपद मिळाले. चित्रकाराला जी छाया मोहक वाटते ती मांस टिकविण्यासाठी होती, आणि जी ओल तो हळुवारपणे रंगवितो ती रक्त धुण्याची जागा होती. पूर्वी पाण्याने जे धुतले, तेच पातळ रंगाच्या ओघाने पुन्हा एकदा धुतले जाते.

येथे कोणी म्हणेल की खाटीक गेले, आता मिठाई आणि भेटवस्तूंची दुकाने आहेत. चित्रकार समोर दिसते ते रंगवितो. हा बचाव टिकत नाही. कारण समोर दिसणारी गर्दी आणि दुकानांच्या ठळक पाट्या तरी या चित्रांत कोठे असतात? बहुतेकांत छत्री घेतलेल्या एक-दोन अस्पष्ट आकृती तेवढ्या असतात. कालचा खाटीक नको आणि आजचा गिऱ्हाईकही नको. उरतो तो कोणत्याच काळाचा नसलेला बोळ. दोष माध्यमाचाही नव्हे. टॉमस गर्टिनच्या १८०० सालच्या ‘व्हाइट हाउस’ या जलरंगचित्रात ते घर म्हणजे जवळजवळ कोरा ठेवलेला कागद आहे. पण भोवतालच्या संध्याकाळचे सारे वजन त्या कोरेपणाने पेलले आहे. वगळणे आणि टाळणे यांतील हा भेद आहे.

हा प्रश्न चित्रकारांपुरताच असता तर या पृष्ठांवर त्याचा एवढा विस्तार केला नसता. आपल्या अनुवादव्यवहारातही असे छापील जलरंग पुष्कळ आहेत. दलित आत्मकथनांच्या इंग्रजी अनुवादांत ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ हे शब्द पुष्कळदा जसेच्या तसे, तिरप्या अक्षरांत ठेवले जातात. मूळ शब्द राखला म्हणजे निष्ठा राखली, अशी त्यामागे समजूत असते. पण जाणत्या मराठी वाचकाला त्या शब्दात गावाबाहेरची जागा, पाणवठ्याचा मज्जाव आणि पिढ्यांची येसकरी दिसते. परक्या वाचकाच्या कानी मात्र एका दूरच्या वस्तीचे गोड नाव पडते. ‘शॅम्बल्स’चेही नेमके हेच झाले. शब्द न बदलता त्याचा अर्थ पुसता येतो, आणि अशा वेळी टीप देणे किंवा वाक्यातच वस्तीचे स्थान उघड करणे ही अनुवादकाची ढवळाढवळ नसून त्याचे कामच असते.

यॉर्कच्या त्या घरांच्या दर्शनी भागावर मांस टांगण्याचे लोखंडी आकडे आणि खिडक्यांखालच्या रुंद फळ्या आजही कित्येक ठिकाणी शाबूत आहेत. ज्या फळीवरून बोळाला नाव मिळाले तिच्यावर या चित्रांत बहुधा फुलांच्या कुंड्या असतात.