गणितात बहुमत चालतं का?

पहिली-दुसरीच्या गणिताच्या वर्गात गटकार्य असावं, असं आम्हीही मानतो. आमचा आक्षेप वेगळा आहे. मुलं गोल करून बसली, मध्ये काड्या ठेवल्या, की गटकार्य झालं असं आपण धरून चालतो. पुष्कळदा होतं काय, तर एक पोर मोजतं, दुसरं लिहितं आणि उरलेली दोघं बघत बसतात. उत्तर मात्र चौघांच्या नावावर जमा!

एक उदाहरण घेऊ. 'एकोणतीस' लिहा म्हटलं, की काही मुलं ३९ लिहितात. 'तीस' ऐकू आलं, म्हणून तीन. गटात अशी तिघं असली आणि २९ म्हणणारी एकटीच असली, तर? बहुमत होतं आणि ती बिचारी आपलं बरोबर उत्तर खोडून टाकते.

इथे झाँ पियाजे यांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. काही ज्ञान समाजाकडून मिळतं. या संख्येला 'एकोणतीस' म्हणायचं, हा रिवाज आहे. तो सांगावाच लागतो, चर्चेतून सापडत नाही. पण तिसातून एक काढला की दोन दशक आणि नऊ सुटे उरतात, हे नुसतं सांगून भागत नाही; ज्याचं त्याला दिसावं लागतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा धर्तीचं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढं वादंग माजलं! पण तो वाद मुख्यतः नावांचा, म्हणजे रिवाजाचा होता. दिसण्याचा प्रश्न बाजूलाच राहिला.

मग गट कशासाठी? तर कारण मागण्यासाठी. "तू तीन का लिहिलास? काड्यांनी दाखव बरं." दहा-दहाचे तीन गठ्ठे घ्या, एक सोडा, त्यातली एक काडी बाजूला काढा. आता तिघांचं मत त्या एकटीपुढे टिकत नाही. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस गुलाम मुलाला प्रश्न विचारत जातो, तेव्हाही हेच घडतं. मुलगा दोनदा चुकतो. पण आपलं चुकलं, हे आकृती बघून त्याचं त्यालाच उमगतं.

म्हणून शिक्षकांना एवढंच सुचवतो. गटाचं उत्तर आलं की सर्वांत गप्प मुलाला जवळ बोलवा आणि प्रेमानं विचारा, "हे कसं आलं रे?" त्याला काड्या मांडून दाखवता आल्या, तरच ते उत्तर त्याच्या नावावर धरा. नाहीतर त्याचं शिकणं अजून बाकी आहे, आणि ती जबाबदारी गटाची नाही, आपली आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.